खेळांतील खिरापत आणि ती देणारा

खेळ म्हटला कीं खेळणारे दोन पक्ष आणि फार तर एक पंच, इतकींच माणसें सामान्यतः डोळ्यांपुढें येतात. परंतु पुष्कळ खेळांत या सर्वांहून निराळें असें आणखी एक पात्र असतें. तें स्वतः खेळत नाहीं, कोणाची बाजू घेत नाहीं, आणि हारजितीचा निकालहि देत नाहीं. खेळ रंगांत आला असतां किंवा संपत आला असतां तें पुढें येतें, खेळणाऱ्याच्या हातावर कांहीं ठेवतें आणि पुन्हां बाजूस सरतें. कथेंत त्याला फारसें महत्त्व नसतें. खेळणाऱ्यांच्या आठवणींत मात्र नायकाच्या खालोखाल त्याचेंच स्थान असतें. संगणकावरील आणि मोबाइलवरील खेळांत या पात्राचा आज मोठा उत्कर्ष झालेला आहे, आणि त्या उत्कर्षांत त्याचा स्वभावहि पालटला आहे. ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांतील वडील माणसांनीं त्याची नीट ओळख करून घेणें म्हणूनच अगत्याचें झालें आहे.

वसई-विरारच्या घरांस हें पात्र मुळीं अपरिचित नाहीं. हस्त नक्षत्र लागलें कीं, किंवा हल्लींच्या सोयीप्रमाणें नवरात्रांत, इमारतींच्या अंगणांतून आणि गच्च्यांवर भोंडला होतो. मध्यें पाटावर हत्ती काढावयाचा, त्याच्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावयाचा, एकामागून एक गाणीं म्हणावयाचीं, आणि गाणीं संपलीं कीं ज्या घरचा भोंडला त्या घरच्या बाईनें झांकलेला डबा घेऊन बाहेर यावयाचें. आंत काय आहे तें ती सांगत नाहीं. मुलींनीं तें ओळखावयाचें असतें. तिखट कीं गोड, ओलें कीं सुकें, असे प्रश्न सुरू होतात. कांहीं घरीं डबा हलवून आवाज ऐकविण्याची सवलत मिळते. कांहीं घरच्या बायका इतक्या पक्क्या असतात कीं डब्यांत घट्ट वड्या बसवून त्यांचा आवाजहि होऊं देत नाहींत. जुन्या हादग्याच्या रीतीनें पहिल्या दिवशीं एक गाणें व एक खिरापत, दुसऱ्या दिवशीं दोन, याप्रमाणें सोळाव्या दिवशीं सोळांपर्यंत मजल जाई. आतां बहुतेक ठिकाणीं एकाच संध्याकाळीं सर्व उरकतात. परंतु ओळखण्याचा खेळ टिकून आहे. यांतील मर्माची गोष्ट अशी कीं खिरापत ओळखली तरी ती सर्वांस मिळते, आणि न ओळखली तरीहि सर्वांस मिळते. कुतूहल ताणावयाचें, पण कोणास रिकाम्या हातीं परत पाठवावयाचें नाहीं, असा हा हिशेब आहे.

जत्रेंतील कुस्त्यांची रीत याहून वेगळी. तेथें आखाडा उघडतो तो लहान पोरांच्या कुस्त्यांनीं, आणि त्यांचें बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या. मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि सूर्य मावळतीस गेला कीं शेवटची मानाची कुस्ती. येथें देणारा गुण पाहून देतो. बक्षीस लहान असो वा मोठें, तें कशाबद्दल मिळालें हें देणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि भोंवतालच्या शेंकडों बघ्यांस सारखेंच ठाऊक असतें.

नालासोपाऱ्याचे रहिवासी ज्या भूमीवर राहतात तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीच्या यात्रा करीत, त्यांच्या जागीं धर्मयात्रा सुरू झाली, आणि तींत श्रमण-ब्राह्मणांस दान व वृद्धांस सुवर्ण देणें हें मुख्य, असा त्या लेखाचा आशय आहे. करमणूक आणि देणगी यांचा एकत्र विचार करण्याची या गांवची परंपरा म्हणजे बरीच जुनी म्हणावयाची!

आतां व्हिडिओ गेमकडे वळावयास हरकत नाहीं. १९८५ च्या सप्टेंबरांत जपानांतील निंटेंडो या कंपनीनें ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ विक्रीस आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. मारिओ नांवाचा मिशाळ प्लंबर, कांसवाच्या जातीचा एक दुष्ट राजा, त्यानें पळवून नेलेली राजकन्या आणि तिच्या सुटकेसाठीं ओलांडावयाचे आठ प्रदेश, एवढेंच त्याचें कथानक. भारतांत हा खेळ घरोघरीं पोहोंचला तो १९९० नंतरच्या दशकांत, आणि तोहि पुष्कळ अंशीं मूळ यंत्राच्या हुबेहूब नकलांमधून. मुंबईच्या मनीष मार्केटांत आणि लॅमिंग्टन रोडवर अशीं यंत्रें मिळत. टीव्हीला जोडावयाचें तें यंत्र, दोन हातांत धरावयाचें नियंत्रक आणि वर खोंचावयाची पिवळी कॅसेट, इतकें सामान आणलें कीं सुट्टीची सोय झाली. कॅसेटीवर नव्व्याण्णव लक्ष नव्व्याण्णव हजार खेळ असल्याचें छापलेलें असे. प्रत्यक्षांत पांचपंचवीस खेळच नांवें फिरवून पुन्हां पुन्हां येत. त्याच काळांत गिरगांव-दादरच्या चाळींतून निघालेलीं पुष्कळ कुटुंबें वसई, नालासोपारा व विरार येथील नव्या इमारतींत स्थायिक होत होतीं. २००९ सालीं जेथें महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतींत जेथें बारा लाखांहून अधिक वस्ती भरली, तें शहर त्या वेळीं अजून मिठागरें, वाड्या आणि अर्धवट रस्ते यांच्यामध्यें विखुरलेलें होतें. विरारच्या गाडीनें दमून घरीं आलेल्या वडिलांस बातम्या पाहावयाच्या असत, आणि मुलांस मारिओचा सातवा किल्ला!

त्या किल्ल्यांच्या शेवटीं एक ठेंगणा सेवक उभा असे. डोकें अळंब्यासारखें, वर ठिपके, अंगांत आखूड जाकीट. इंग्रजींत त्याचें नांव टोड. विषारी अळंब्यास त्या भाषेंत जो शब्द आहे त्याचाच हा तुकडा. जपानींत त्याला किनोपिओ म्हणतात, आणि त्याचाहि उगम अळंब्याच्या जपानी नांवांतच आहे. आठांपैकीं सात किल्ल्यांत, जीव मुठींत धरून राक्षसास ओलांडल्यावर, राजकन्येऐवजीं हा सेवक किंवा त्याचे बांधव भेटत. ते आभार मानीत आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यांत असल्याचें नम्रपणें कळवीत. बक्षीस कांहींच नाहीं! मराठी शाळेंत जाणाऱ्या मुलांस त्या इंग्रजी ओळीचा अर्थ समजो वा न समजो, फसगत मात्र पुरती समजत असे. पुढें ज्याची ख्याति दाता म्हणून झाली तें पात्र पहिल्या खेळांत केवळ शाब्दिक आभारांवर बोळवण करीत होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तो दाता झाला १९८८ सालीं, मालिकेच्या तिसऱ्या खेळांत. त्या खेळाच्या नकाशावर अळंब्याच्या आकाराचीं घरें आहेत. आंत गेलें कीं टोड उभा, आणि त्याच्यापुढें तीन बंद पेट्या. त्यांपैकीं एकच उघडावयाची. कधीं साधें अळंबें मिळतें, कधीं आगीचें फूल, कधीं उडण्याचें सामर्थ्य देणारें पान. मिळालेली वस्तु सांठवून ठेवतां येते आणि पुढें अवघड जागीं वापरतां येते. एकदां भेट दिली कीं तें घर नकाशावर बंद होतें. दारांत घुटमळून पुन्हां पुन्हां मागण्याची सोय नाहीं. भोंडल्याच्या डब्याशीं याचें साम्य उघड आहे. झांकण आहे, कुतूहल आहे, आणि आंत कांहीं ना कांहीं असणारच अशी खात्री आहे. पेटी रिकामी कधींच निघत नाहीं.

१९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्यें टोडनें तिसरें रूप घेतलें, आणि रचनेच्या दृष्टीनें तें सर्वांत कौतुकास्पद आहे. या खेळांत एकूण १२० तारे मिळवावयाचे असतात. त्यांपैकीं १०५ तारे पंधरा निरनिराळ्या प्रदेशांत प्रत्येकीं सात याप्रमाणें वांटलेले आहेत. उरलेले पंधरा वाड्याच्या कोनाकोपऱ्यांत दडलेले. या पंधरांपैकीं तीन टोडमंडळींच्या खिशांत असतात. वाड्यांत हिंडतांना हीं ठेंगणीं माणसें भेटतात, चार शब्द बोलतात, आणि खेळणाऱ्याजवळ पुरेसे तारे नसतील तर तेवढ्यावरच थांबतात. मात्र १२ तारे घेऊन आलेल्यास पहिला टोड आपल्याजवळचा तारा काढून देतो. दुसरा २५ ताऱ्यांखेरीज हात सैल करीत नाहीं. तिसरा ३५ मागतो. कोणत्या टोडला किती हवे हें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. ज्याला बोलण्याची संवय आहे, जो आधीं भेटलेल्या माणसाला पुन्हां भेटावयास जातो, त्यालाच हें कळतें. घाईनें धांवणारा खेळाडू त्यांच्या बाजूनें निघून जातो आणि शेवटीं तीन तारे कमी कां पडतात म्हणून डोकें खाजवीत बसतो. खालच्या तळघरांत एक ससाहि आहे. १५ तारे झाल्यावर एकदां आणि ५० झाल्यावर पुन्हां, त्याला पळत जाऊन पकडलें तर तोहि एकेक तारा देतो. आणि १२० तारे पुरे झाले म्हणजे वाड्याबाहेरील तोफ उघडते, तिच्यांतून उडून छपरावर जातां येतें, आणि तेथें योशी नांवाचा हिरवा प्राणी भेटतो. तो शंभर जीव बहाल करतो. करावयाचें कांहींच शिल्लक राहिलेलें नसतांना शंभर जीव! चाळीस वर्षें पावसांतून शाळेंत गेलेल्या शिक्षकाला निरोपसमारंभांत छत्री द्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

रचनाकारांस या पात्राची गरज कां पडते? एक कारण विसाव्याचें. सतत संकटांनीं भरलेल्या खेळांत मन ताणलेलें राहतें. मध्यें एखादें निर्भय घर, जेथें कोणी मारावयास येत नाहीं, असलें म्हणजे श्वास घेतां येतो. दुसरें कारण शिकविण्याचें. नवी वस्तु हातीं देऊन ती कशी वापरावी तें दाखविण्यास सेवकाहून सोयीचा कोण? परंतु मुख्य कारण तिसरेंच आहे. यंत्रानें आंकडा वाढविणें आणि कोणीतरी समोर येऊन हातावर ठेवणें यांत मनाच्या दृष्टीनें फार अंतर आहे. नाणीं मारिओ स्वतः गोळा करतो. शंभर झालीं कीं एक जीव मिळतो. त्यांत कोणाची मर्जी नाहीं. टोडनें दिलेली वस्तु ही मात्र देणगी असते. तींत शाबासकी मिसळलेली असते, आणि शाबासकीसाठीं मूल काय करणार नाहीं!

नेमकें येथेंच सावध होण्याची जागा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत; चार्ल्स फर्स्टर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५७ सालीं निघाला. ठराविक संख्येइतक्या टोंचीनंतर दाणा मिळणारें कबूतर दाणा खाल्ल्यावर थोडें थांबतें, विसावा घेतें. परंतु दाणा केव्हां तिसऱ्या टोंचीस, केव्हां तिसाव्या टोंचीस, असा अनियमित मिळूं लागला कीं तें जवळजवळ न थांबतां टोंचत राहतें. पुढची टोंच हीच फळ देणारी असेल, असें त्याला प्रत्येक वेळीं वाटत असावें. बारा ताऱ्यांवर तारा देणारा टोड पहिल्या प्रकारचा. तीन पेट्यांचा टोड दुसऱ्या प्रकाराकडे झुकलेला; पण पेटी फुकट आणि घर एकदांच उघडणारें, म्हणून त्याच्यापासून धोका नाहीं. खरा धोका तिसऱ्या जातीच्या दात्यापासून आहे. तो पेटी विकतो.

जपानांतील दुकानांबाहेर नाणें टाकून मूठ फिरविली कीं प्लास्टिकच्या गोळीत एखादें खेळणें पडावें अशीं यंत्रें असतात. मूठ फिरण्याच्या आवाजावरून त्या प्रकाराला गाचा हें नांव पडलें. मोबाइलवरील खेळांनीं हीच युक्ति उचलली. त्यांतील एका विशेष प्रकारांत ठराविक संच पुरा केला तरच मोठें बक्षीस मिळे. मुलें संच पुरा करण्याच्या नादानें पैसे ओतीत राहत. २०१२ च्या मे महिन्यांत जपानच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें हा संचाचा प्रकार कायद्याविरुद्ध ठरविला. २०१८ सालीं बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्या म्हणजे जुगारच होय असा निर्णय दिला.

मारिओचें घराणेंहि या मोहापासून अलिप्त राहिलें नाहीं. २०१६ सालीं मोबाइलसाठीं निघालेला ‘सुपर मारिओ रन’ सचोटीचा होता. आरंभीचा भाग फुकट, मग एकदांच किंमत मोजली कीं पुढचा सारा खेळ मोकळा. २०१९ सालीं निघालेल्या ‘मारिओ कार्ट टूर’ मध्यें मात्र एक हिरवा नळ बसविण्यांत आला. माणकें खर्चून तो उडवावयाचा, आणि तीं माणकें पैसे देऊन विकत घेतां येत. नळांतून काय पडेल याचा नेम नसे. टोड हवा असतां गाडी मिळे! २०२२ सालीं कंपनीनें तो नळ काढून टाकला आणि त्याच्या जागीं, वस्तु पाहून आणि किंमत वाचून घेतां येईल, असें दुकान मांडलें. दुकान म्हणजे देणगी नव्हे हें खरें. परंतु दुकानदार दुकानदाराच्या वेषांत असला म्हणजे मुलास निदान समजतें तरी कीं येथें पैसा जातो.

दाता मोठा झाला कीं खेळ बदलतो, हें दहीहंडींत मराठी माणसानें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. एके काळीं हंडी बांधणारा आळींतला गृहस्थ असे. हंडी फोडणाऱ्या पोरांस तो दही-पोहे आणि मूठभर नाणीं देई. पुढें यजमानांनीं बक्षिसांचे आंकडे लाखांवर नेले, आंकड्यांबरोबर थर वाढत नवावर गेले, आणि सर्वांत वरच्या थरावर सर्वांत लहान मूल चढूं लागलें. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें वीस फुटांहून उंच हंडीस व अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. २०१७ सालीं उंचीचा व वयाचा प्रश्न राज्य शासनावर सोंपविण्यांत आला आणि वयाची मर्यादा चौदा वर्षें झाली. या सर्व वादांत गोविंदांच्या हौसेविषयीं पुष्कळ बोललें गेलें. ज्याच्या आंकड्यासाठीं ते चढले त्या यजमानाविषयीं त्या मानानें थोडें.

भारतांत मोबाइलवरील खेळांविषयीं सरकारी पावलें पडलीं तीं निराळ्या कारणांनीं. २०२० च्या सप्टेंबरांत पबजी आणि २०२२ च्या फेब्रुवारींत फ्री फायर या खेळांवर बंदी आली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणानें. बक्षिसाच्या पेट्यांशीं तिचा संबंध नव्हता. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें ऑनलाइन गेमिंगविषयीं जो कायदा संमत केला त्याचा रोंख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि केवळ करमणुकीचे खेळ त्यानें निराळे मानले आहेत. तेव्हां मुलाच्या खेळांतील पेटी उघडणारें पात्र टोडच्या जातीचें आहे कीं नळाच्या जातीचें, हें पाहण्याचें काम घरांतच व्हावयास हवें. तें फारसें अवघडहि नाहीं. मुलाशेजारीं बसून तीन गोष्टी विचाराव्या: हा जें देतो तें कशाबद्दल देतो, नाहीं मिळालें तर पुन्हां मागावयास काय लागतें, आणि तें जें लागतें तें कोठून आणावयाचें. मूल हीं उत्तरें अत्यंत उत्साहानें देतें. त्या विषयांत तें घरांतील सर्वांहून विद्वान असतें. मोबाइलवर प्रत्येक खरेदीच्या वेळीं गुप्त शब्द विचारला जाईल अशी व्यवस्था करतां येते, ती करून ठेवावी, आणि तो शब्द मुलाची जन्मतारीख नसावा.

एक गणितहि मुलाकडून करून घेण्याजोगें आहे. २०१७ च्या डिसेंबरांत ॲपल कंपनीनें असा नियम केला कीं अशा पेट्या विकणाऱ्या खेळांनीं कोणती वस्तु मिळण्याचा संभव किती, तें विक्रीपूर्वीं सांगितलें पाहिजे. हे आंकडे खेळांतच कोठें तरी बारीक अक्षरांत असतात. समजा, हवी ती वस्तु निघण्याचा संभव शेंकडा एक आहे आणि पेटीची किंमत पन्नास रुपये आहे. शंभर पेट्या घेतल्या कीं वस्तु मिळालीच, असें बहुतेक मुलें म्हणतील. वडील माणसेंहि म्हणतील. तें बरोबर नाहीं. प्रत्येक पेटीस न मिळण्याचा संभव शंभरांत नव्व्याण्णव, म्हणून नव्व्याण्णव शतांश ही संख्या शंभर वेळां स्वतःशींच गुणावी लागते. गुणाकार सुमारें सदतीस शतांश येतो. म्हणजे पांच-पांच हजार रुपये खर्चणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें सदतीस मुलांस ती वस्तु एकदांहि मिळणार नाहीं. त्यांनीं आणखी पांच-पांच हजार घातले तरी मूळच्या शंभरांपैकीं तेरा जण तसेच राहतात, आणि त्या तेरांस पुढची पेटी मिळते ती पहिल्याइतक्याच संभवाची, शंभरांत एक.